सातवं काज

१ ऑक्टोबर, बुधवार. आयुधपूजा.

सकाळपासून घरातली सगळी आयुधं पुसून काढली. दोन शिलाई मशिनं, वडिलांची मोठी कात्री, इस्त्री, मुलाची, हर्षची स्कूटर, दीपश्रीचा मिक्सर. गंध, कुंकू, शेवंतीच्या माळा. आज आयुधाकडून काम घ्यायचं नाही, हा आम्हा शिंप्यांच्या घरचा जुना नियम. चामराजपुरमचं दुकान बंद करून मला अकरा वर्षं झाली. नियम काही बंद झाले नाहीत.

यंदा पेटीलाही पूजेत बसवलं. पेटी म्हणजे वरच्या मजल्यावरच्या अनुरागनं पाच वर्षांपूर्वी जुळवून दिलेलं मशीन. पावाच्या लादीएवढं, आत चार डिस्क. त्यात माझ्या थोरल्या बहिणीची, शांताक्काची एकसष्ट गाणी आहेत. पाच वर्षं ती पेटी कोपऱ्यात रात्रंदिवस घुमत होती, तिला एक दिवस सुटी नाही. माझ्या मनात आलं, मशीन झालं म्हणून काय, वर्षातून एकदा सगळेच विसावतात. बटण दाबून बंद केली, पिन काढली, वर हळदीचं बोट टेकवलं.

घर इतकं शांत झालं की दीपश्री स्वयंपाकघरातून डोकावली. "मावा, काय बंद पडलं?" माझी सून मला कन्नड रीतीनं मावा म्हणते. म्हटलं, बंद नाही पडलं, झोपवलं.

संध्याकाळी दारात कोहळा फोडला. अक्काचा बेट्टदपुराहून फोन. "व्यंकू, तुझा सदरा झाला रे. येऊन जा."

"अक्का, सदरे बेडा, नकोत ग आता. कपाटात मावत नाहीत."

"एक काज राहिलंय."

"मग घाल की."

"तू ये. आमेले, नंतर घालते."

येतो हं, म्हणालो. चौऱ्याऐंशीव्या वर्षी सुई धरते हेच पुष्कळ. एके काळी दिवसाला चाळीस काजं घालणारी बाई, आता एक राहून जातं.

२ ऑक्टोबर, गुरुवार

दसरा. मैसूरची मिरवणूक टीव्हीवर पाहिली, हत्ती दिसला की अजून हात आपोआप जोडले जातात. मग पेटीची पिन लावली. दिवा लागला, पंखा फिरला, दोनदा टुक टुक झालं आणि दिवा तांबडा झाला. पुन्हा केलं, पुन्हा तांबडा. कॉफीच्या वेळी गाणं लागलं नाही.

अनुराग सणाला नाशिकला गेलाय. फोनवर म्हणाला, "काका, हात लावू नका. रविवारी येतोय." मी हात लावला नाही. हळदीचं बोट तेवढं पुसून टाकलं, उगीच.

५ ऑक्टोबर, रविवार

अनुराग चप्पल काढून सरळ पेटीपाशी बसला. गुणी माणूस. चाळिशी आली तरी मला परीक्षेला बसलेल्या मुलासारखा दिसतो. तासाभरानं पेटीच्या पाठीमागून नखाएवढा एक पेनड्राइव्ह काढला.

"काका, हा गेला. मशीन याच्यावरून सुरू व्हायचं. पाच वर्षं चालू होतं म्हणून चाललं. बंद करून पुन्हा लावलं, तिथंच यानं मान टाकली."

"आणि गाणी?"

"गाणी चारी डिस्कवर जशीच्या तशी आहेत. काही गेलेलं नाही."

माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. त्याच्या चेहऱ्यावरचं उतरलं नव्हतं.

त्यानं मला समजावलं, ते मला समजलं तसं लिहितो. चार डिस्क मिळून एक मोठं कोठार होतं. ते जोडलंय कसं आणि त्याच्या कुलपाची किल्ली कोणती, हे कोठारात नसतं, या नखाएवढ्या वस्तूवर असतं. म्हणून त्या माहितीची एक फाइल काढून अगदी वेगळीकडे ठेवायची असते. गाण्यांबरोबर नाही. घरच्या किल्लीसारखी, घराबाहेर.

"कुलूप कशाला घातलंस बाबा? गाण्यांना कोण चोर?"

"तेव्हा मला शहाणपणा वाटला काका," तो म्हणाला. "पण ती फाइल मी तुम्हाला दिली होती. हिरवा पेनड्राइव्ह. आठवतंय? तो द्या, अर्ध्या तासाचं काम आहे."

मला आठवलं. तरी शोधतो, म्हणालो.

६ ऑक्टोबर, सोमवार

खरं ते इथं तरी लिहावं.

वडील सांगायचे, माप कापडापासून सुटलं की कापडाची चिंधी होते. आमच्या दुकानात गिऱ्हाइकाच्या मापाची चिठ्ठी कापडालाच टाचणीनं टोचलेली असायची. शाळेच्या गणवेशांचे चारशे तुकडे पडलेले असत, पण कुठलं कापड कुणाच्या अंगाचं हे विचारावं लागत नसे. चिठ्ठी वेगळी ठेवणाऱ्या कारागिराच्या पाठीत वडिलांची फूटपट्टी बसे. माझ्याही बसली आहे.

अनुरागनं तो हिरवा पेनड्राइव्ह दिला तेव्हा मी मनात हसलो होतो. म्हटलं, शिकलेली मुलं, पण धंद्याची अक्कल नाही. त्यातली फाइल मी पेटीत उतरवली, गाण्यांच्या अगदी शेजारी, 'महत्त्वाचे' नावाच्या कप्प्यात. चिठ्ठी कापडाला टाचली. रिकामा पेनड्राइव्ह विठ्ठलाच्या देवळात देऊन टाकला, भजनं लावायला.

म्हणजे कपाटाची किल्ली कपाटात ठेवून मी कपाट लावून घेतलं. सत्तरीला टेकलेल्या माणसानं, व्यवस्थित, डोकं शाबूत असताना.

७ ऑक्टोबर, मंगळवार

अनुरागला सांगितलं. तो रागावला असता तर बरं झालं असतं. नुसतं "अच्छा" म्हणाला आणि खिडकीतून बाहेर पाहत राहिला. चामराजपुरमच्या छोट्या स्टेशनावरून नंजनगूडकडची गाडी गेली तेवढा वेळ दोघंही तिचाच आवाज ऐकत होतो.

मग म्हणाला, "पुसलेली फाइलसुद्धा कधी कधी निघते काका. देवळातला पेनड्राइव्ह आणा."

९ ऑक्टोबर, गुरुवार

पेनड्राइव्ह मिळाला. देवळातल्या स्पीकरच्या मागे, तोच हिरवा, वर बुक्क्याचे ठसे. पुजारी म्हणाले, यावर किती वेळा भजनं घातली आणि किती वेळा पुसली याचा हिशेब विठ्ठलाकडेच. मी तो रुमालात गुंडाळून, छातीच्या खिशात ठेवून आणला. रिक्षात बसल्यावर खिशावर हात धरून होतो. ड्रायव्हरनं कन्नडात विचारलं, छातीत दुखतंय का. दुखत नव्हतं. आशा होती.

१२ ऑक्टोबर, रविवार

आशा आज गेली. अनुरागनं चार दिवस वर आपल्या घरी त्या पेनड्राइव्हला चाळणी लावली होती. जुन्या भजनांची टोकं निघाली, देवळाच्या जत्रेचा एक फोटो निघाला, आमची फाइल नाही.

"गाण्यांची दुसरी प्रत कुठेच नाही का काका?"

रेकॉर्डरमधलं कार्ड मी त्याच वर्षी नातेवाइकांच्या लग्नाला वापरलं. एक गाणं हर्षला फोनवर पाठवलं होतं, त्यानं नंतर दोन फोन बदलले. चार डिस्क आहेत ना, एक गेली तरी तीन राहतील, असं अनुरागच म्हणाला होता, त्या भरवशावर मी निर्धास्त होतो. चारही शाबूत आहेत. हेच सोसत नाही. जळून गेली असती तर तेरावं घालून मोकळा झालो असतो. हातावर धरली की त्यांचं वजन लागतं, अक्का आत आहे, आणि मला दार उघडता येत नाही.

गाणी कसली ते लिहून ठेवतो, नाहीतर हेही जायचं. आमच्या घरी दुपारी बायका गणवेशांना काजं-बटणं करायला बसत, मधल्या खोलीत, दहा-बाराजणी. काज घालताना डोळा सुईवर आणि तोंड रिकामं. मग गाणी. कुणाचीही नाहीत ती, आमच्याच बायकांनी जुळवलेली, अर्धी मराठी, मध्येच कन्नड. आई पहिली ओळ धरायची आणि बाकीच्या झेलायच्या. अक्का झेलणारी. सगळी गाणी तिच्या गळ्यात आहेत, पण पहिली ओळ कुणी धरल्याशिवाय तिला एकही सुरू करता येत नाही. रेकॉर्ड करताना मी आईच्या वहीतून पहिली ओळ वाचायचो, मग अक्का झेलायची.

ती वही अगदी पिठासारखी झाली होती. पहिल्या ओळींची यादी मी टाइप करून घेतली आणि जीर्ण वही श्रीरंगपट्टणला कावेरीत सोडली, फूल वाहून, जशी पोथी सोडतात तशी. यादी कुठे ठेवली हे लिहायला नको. गाण्यांच्या शेजारी, टाचून.

१३ ऑक्टोबर, सोमवार

दिवसभर पहिल्या ओळी आठवायचा प्रयत्न केला. एकही पूर्ण नाही. वाचून दाखवलेलं लक्षात राहत नाही, पाठ केलेलं राहतं. गोदावरीबाई देवळाच्या ओसरीवर दुपारी आम्हा मुलांना मराठी शिकवत, फी म्हणून एक नारळ. त्यांनी स्वतः केलेली कविता मला आजही चालीसकट येते:

काठ म्हणाले, थांब जरा गं,
नदी म्हणाली, येते हं,
वळणामागे वळण लागले,
कुणी न म्हणते, गेली हं.

चौथीतली कविता येते, आणि सख्ख्या आईच्या ओळी नाहीत. बाई असत्या तर छडी मारली असती. बरं वाटलं असतं.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

अक्काचा फोन. आज तिला काय झालं कुणास ठाऊक, सारखं एकच.

"व्यंकू, ते काजाचं गाणं कुठनं धरायचं रे? ओळ दे."

"कुठलं काजाचं? सगळी काजाचीच आहेत."

"ते रे. भावाचं."

"यादी पेटीत आहे अक्का. पेटी बंद आहे."

"पेटी बंद तर तू ये. तुझं तोंड बंद आहे का?"

अशी बोलते अजून. मी म्हटलं, पेटीचं निस्तरू दे, मग येतो हं.

"सदरा कितींदा सांगू? एक काज..."

मला तेव्हा जरा वैताग आला, लिहितो. फोन वर्षिणीला द्यायला सांगितला. वर्षिणी अक्काची नातसून, तीच तिचं सगळं बघते. म्हटलं, तो सदरा बसनं पार्सल कर, म्हणजे तिच्या डोक्यातनं जाईल. वर्षिणी म्हणाली, "अज्जा, अज्जी रोज तो मांडीवर घेऊन बसते. पाठवू का खरंच?" पाठव म्हणालो.

१८ ऑक्टोबर, शनिवार

सदरा आला. पांढरी मलमल, कॉलर अशी बसलेली की मी बोट फिरवून पाहिलं. माप न घेता शिवलाय आणि तंतोतंत. सहा काजं हातानं घातलेली, दोरा मुंगीच्या रांगेसारखा. सातव्या जागी नुसती खडूची रेघ. बिचारी. इथपर्यंत आली आणि दमली.

बंगळूरच्या एका ठिकाणी अशा बंद डिस्क उघडतात म्हणे. अनुराग चौकशी करतोय.

२० ऑक्टोबर, सोमवार. नरकचतुर्दशी.

अभ्यंगस्नान झाल्यावर नवा सदरा म्हणून तोच घालायचं ठरवलं. पण शिंप्यानं अर्धवट काजाचा सदरा घालून सणाला बसायचं? कात्री काढली, खडूच्या रेघेवर चीर दिली, सातवं काज घालायला बसलो. अक्काच्या टाक्याशी टाका जुळवायला तासभर लागला. डोळ्याला पाणी येत होतं, वयानं.

दीपश्री फराळाची ताटली घेऊन आली ती तशीच उभी राहिली. "मावा, ते काज राहू द्या ना. अक्कांनी बेकंता सोडलं असेल. मुद्दाम."

"मुद्दाम कोण काज सोडतं? शिंप्याच्या घरात?"

ताटली ठेवून ती वळली. परत जाताना काहीतरी गुणगुणत होती, सहा काय, पुरी काय, सूर ओळखीचा वाटला. पुऱ्यांचं काही असेल. तिचं घर कन्नड, मराठी तिला हवी तेवढीच येते, त्यामुळे तिच्याशी या विषयावर बोलता येत नाही, ही माझी एक खंतच आहे.

काज चांगलं झालं. सहाच्या रांगेत सातवं ओळखू येणार नाही.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

बंगळूरहून उत्तर आलं. डिस्क बिघडली असेल तर ते दुरुस्त करतात, कुलूप मात्र फोडता येत नाही. अनुराग म्हणाला, "कुलूप चांगलं आहे काका, हाच प्रॉब्लेम आहे." मग म्हणाला, "मी तरी एक प्रत माझ्याकडे ठेवायला हवी होती. हे माझं काम होतं."

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्याला कसं सांगू, त्यानं दोन प्रती दिल्या असत्या तर मी दोन्ही टाचल्या असत्या.

२ नोव्हेंबर, रविवार. कार्तिकी एकादशी.

देवळात सगळे विचारत होते. आज अक्काची गाणी ऐकवतो असं मी श्रावणात सगळ्यांना सांगून बसलो होतो. पुढच्या वेळी, म्हणालो. वेंकोजीराव पुढच्या वेळी म्हणतात म्हणजे नक्की, असं कुणीतरी म्हणालं. मान खाली घालून प्रसाद घेतला.

घरी आलो तर वर्षिणीचा फोन येऊन गेलेला. अक्का न्हाणीघरात पडली. हाड मोडलेलं नाही. पण तेव्हापासून माणूस ओळखत नाही.

९ नोव्हेंबर, रविवार. बेट्टदपुर.

हर्षला सुटी नाही, दीपश्री म्हणाली मी येते. सकाळच्या बसनं हुणसूर, पिरियापट्टणवरून इथं आलो. अक्काला आवडेल म्हणून तिनं शिवलेला सदरा घातला होता.

अक्का पुढच्या खोलीत खाटेवर, दारातून डोंगर आणि वरच्या देवळाच्या पायऱ्या दिसतात तिथं. इतकी लहान झालीय. मी जवळ बसलो.

"यारु?" तिनं विचारलं. कोण म्हणून.

"अक्का, मी व्यंकू."

"व्यंकू लहान आहे," ती म्हणाली, मला समजावल्यासारखी.

वर्षिणीनं मोठ्यानं नाव सांगितलं, दोनदा. अक्कानं माझ्याकडे सभ्यपणे पाहिलं, बसमध्ये जागा देणाऱ्या माणसाकडे पाहावं तसं. मग तिचा हात माझ्या सदऱ्यावर आला. कापड चिमटीत धरून पाहिलं. बोटं बटणपट्टीवरून खाली उतरू लागली आणि ती मोजू लागली. एक. दोन. तीन. डोळे डोंगराकडे, बोटं काजावर. पाच. सहा. मग बोट पुढे गेलं आणि थांबलं.

"सात," ती म्हणाली.

पुन्हा वरपासून मोजलं. पुन्हा सात.

"व्यंकू येऊन गेला," ती वर्षिणीला म्हणाली. "मला उठवलं नाहीत."

"अज्जी, हेच ते व्यंकूअज्जा..."

"येऊन गेला," अक्का म्हणाली. भांडण नव्हतं त्यात. हात काढून घेतला आणि भिंतीकडे तोंड केलं.

मला काहीच कळेना. वर्षिणीलाही. आणि मग माझ्या मागून, दाराशी बसलेल्या दीपश्रीनं हळू आवाजात एक ओळ धरली. कन्नड वळणाचे उच्चार, पण चाल अगदी आईची.

"सहा काजं झाली पुरी..."

अक्कानं भिंतीकडे तोंड ठेवूनच झेलली.

सहा काजं झाली पुरी,
सातवं मी ना घाली,
भाऊ येईल त्या वेळी
दोरा ओवीन गं.

मला आता सगळं आठवतंय. लग्न होऊन डोंगरापलीकडे गेलेल्या आमच्या बायका भावासाठी सदरा शिवत आणि शेवटचं काज ठेवून देत. भाऊ दारात आला की त्याला समोर बसवून ते घालायचं. तेवढा वेळ तरी तो थांबतो. अक्कानं मला पस्तीस वर्षं असे सदरे दिले आणि प्रत्येक वेळी मी तिच्यासमोर बसून सातव्या काजाची वाट पाहत चहा प्यायलोय. तो रिवाज आहे हे मी कधी मनात नोंदवलंच नाही. मला वाटायचं, मी लवकर पोचतो.

संध्याकाळी दीपश्रीला विचारलं, तुला ती ओळ कशी येते.

"मावा, लग्न होऊन आल्यापासून चार वर्षं रोज कॉफीच्या वेळी तुम्ही लावायचात. आधी तुमचा आवाज, ओळ सांगायचा. मग अक्का. अक्कांचे शब्द मला भरभर कळायचे नाहीत. तुमच्या ओळी पाठ झाल्या."

"किती?"

"गोत्तिल्ला, ठाऊक नाही. मोजल्या नाहीत. सगळ्या असतील."

"मग सांगितलं का नाहीस? मी महिनाभर डोकं फोडतोय."

"तुम्ही अनुराग सरांना विचारत होता," ती म्हणाली. "मला कुठं विचारलं."

१० नोव्हेंबर, सोमवार. बेट्टदपुर.

सकाळी दीपश्रीनं ओळी सांगितल्या, मी एका कोऱ्या वहीत उतरवल्या. एकोणसाठ भरल्या. दोन तिलाही येत नाहीत. मग खाटेपाशी बसून ती एकेक ओळ धरत गेली आणि वर्षिणी फोन पुढे करून बसली. अक्कानं अकरा झेलल्या. बाकीच्यांना ती नुसती मान हलवायची, ओळखीचं माणूस रस्त्यात दिसावं आणि नाव आठवू नये तशी. अठ्ठेचाळीस ओळी तशाच हवेत राहिल्या. ती गाणी माझ्याकडे आहेत. मैसूरला, कोपऱ्यात, चार डिस्कवर, शाबूत.

वर्षिणीला म्हटलं, ही वही तुझ्याकडे नको, मी नेतो. फोनातली गाणी तुझ्याकडे. दोन्ही एका घरात ठेवायची नाहीत. ती म्हणाली, "सुम्ने, उगीच काळजी करता अज्जा." म्हटलं, करू दे.

दुपारी अक्का पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडली होती. जेवली नव्हती. वर्षिणी म्हणाली, कालपासून एकच धरलंय, येऊन गेला, उठवलं नाही.

मी वर्षिणीकडून ब्लेड मागून घेतलं. ओसरीवर उन्हात बसून सदरा अंगातून काढला आणि सातवं काज उसवायला घेतलं. माझंच काम, माझ्याच टाक्यांत. घालायला तास लागला होता, उसवायला त्याहून जास्त. चीर बुजवता येत नाही, ती तशीच राहिली, कडेचे धागे सुटलेले. सदरा घडी घालून अक्काच्या मांडीवर ठेवला. तिच्यासमोर बनियनवर बसलो, लहानपणी बसायचो तसा.

तिची बोटं पट्टीवरून उतरली. एक, दोन. तीन, चार. पाच. सहा. चीर लागली. तिथं बोट कितीतरी वेळ फिरत राहिलं.

"कापून ठेवलंय," ती म्हणाली. "घातलं नाही अजून."

"नाही अक्का."

तिनं माझ्याकडे पाहिलं. चेहरा मोकळा झाला होता. "तू कोण रे बाबा?"

मी व्यंकू, हे तोंडाशी आलं. पण तसं म्हटलं तर ती पुन्हा कोड्यात पडेल, आणि नाही म्हटलं तरी मी कुठं जाणार होतो. म्हटलं, "शिंपी आहे अक्का."

"बरं झालं," ती म्हणाली. उशीखाली चाचपून सुई काढली, रिळाचं टोक माझ्यापुढे धरलं. "मला आता दिसत नाही. एवढा दोरा ओवून दे. माझा भाऊ यायचाय."

मी दोरा ओवून दिला.